सावंतवाडी ते बांबोळी : दुखऱ्या पायाची वाट

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात ‘बांबोळी’ हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. ‘त्यांना बांबोळीला नेले’ एवढे वाक्य कानी पडले, की ऐकणारा पुढचे फारसे विचारत नाही. दुखणे मोठे आहे, हे त्याला उमगलेले असते. पणजी ओलांडल्यावर लागणाऱ्या पठारावर गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उभे आहे. सावंतवाडीहून ते सुमारे साठ किलोमीटर. राज्याची सीमा मध्ये येते, भाषेचा सूर पालटतो, नद्या ओलांडाव्या लागतात. तरीही सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागांतील रुग्णांची पावले पिढ्यान्‌पिढ्या याच दिशेने वळत आली आहेत.

या वाटेवरून आज तुम्हांला एका साध्या वाटणाऱ्या तक्रारीसाठी न्यायचे आहे. ‘पायाची शीर दुखते’ ही ती तक्रार. कोकणातल्या प्रत्येक घरात ती कधी ना कधी ऐकू येते, आणि तिच्यासाठी कोणी बांबोळीपर्यंत जावे असे सहसा कोणाला वाटत नाही. बहुतेक वेळा हे वाटणे बरोबरच असते. मात्र काही थोड्या वेळा तेच जिवावर बेतते. त्या थोड्या वेळा ओळखायच्या कशा, आणि ओळखल्यावर ही वाट कशी चालायची, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असायला हवे.

निघण्यापूर्वी, पडवीत

पाहुणा सावंतवाडीला येतो तो मोती तलाव पाहायला, राजवाडा पाहायला, चितारआळीतील रंगीत लाकडी फळे आणि खेळणी घ्यायला. तुम्ही मात्र पडवीत बसून वेगळाच विचार करीत आहात. आईचा पाय दुखतो आहे. आज निघावे, उद्या निघावे, की आठवडी बाजार उरकल्यावर पाहावे? या प्रश्नाचे उत्तर पायच देतो. त्यासाठी दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून, उजेडात, शेजारी शेजारी ठेवून नीट पाहावे लागतात.

मध्यरात्री पोटरीत गोळा येतो, माणूस कळवळून उठतो, पाऊल वर ओढून धरले की दोन-चार मिनिटांत गोळा सुटतो. हे स्नायूचे दुखणे आहे. वारंवार होऊ लागले तर डॉक्टरांना सांगावे, धावपळ नको.

दुसऱ्या प्रकारात दुखण्यापेक्षा जडपणा अधिक असतो. दिवसभर फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक, दुकानातले विक्रेते, खानावळीत चुलीपुढे उभ्या असणाऱ्या स्त्रिया यांना संध्याकाळी पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. कातडीखाली निळ्या, वेड्यावाकड्या शिरा फुगलेल्या दिसतात. घोट्याला सूज येते, पण रात्रभर पाय उशीवर ठेवून झोपले की सकाळी ती उतरते. या व्हेरिकोज व्हेन्स. यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभागाचा दिवस पाहून सवडीने निघाले तरी चालते. मात्र घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळवंडली, खाज सुटली किंवा न भरणारी जखम झाली, तर सवड लांबवू नये. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर माणसाला आडवे निजवावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा. घाबरून उभे राहिले की रक्त अधिक वाहते.

तिसरा प्रकार वेगळा आहे. एकच पाय, आणि बहुधा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेली सूज. पोटरी घट्ट, दाबल्यावर दुखणारी, दुसऱ्या पायापेक्षा गरम. चालताना कळ येते. रात्रीच्या विश्रांतीनेही सूज उतरत नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही, म्हणून रंगावर विसंबू नये. हाताच्या पाठीने दोन्ही पोटऱ्यांची उष्णता पाहावी. शिलाईच्या डब्यातली टेप काढावी. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. ३ सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर डॉक्टर त्याला महत्त्व देतात. फरक कमी आहे म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये.

कोकण किनाऱ्यावर एका पायाची सूज दिसली, की जुन्या माणसांना आधी हत्तीरोग आठवतो. पण हत्तीरोगाचा पाय सहसा महिन्यांनी, वर्षांनी जाड होत जातो. कालपर्यंत धड असलेला पाय आज सुजला, तर त्याचे कारण वेगळे असू शकते : पायाच्या आत, स्नायूंमध्ये दडलेल्या मोठ्या नीलेत रक्ताची गुठळी धरलेली असणे.

अशा वेळी घरातून पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि तेथेच त्याला थांबवायचे असते. सुजलेल्या पोटरीला मालीश करू नये, रगडू नये, ‘शीर उतरवून’ घेण्यासाठी कोणाकडे नेऊ नये. आतली गुठळी सुटली तर ती रक्ताबरोबर हृदयाकडे आणि तेथून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. बाळंतिणीच्या बाबतीत हे दहादा सांगण्याजोगे आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यातच आपल्याकडे तिला खाटेवर निजवून ठेवण्याची आणि रोज अंग रगडण्याची रीत आहे. तिचा एकच पाय सुजला असेल तर त्या दिवशी मालीश बंद, आणि डॉक्टरांकडे प्रस्थान.

पहिला मुक्काम जवळचाच

तिसऱ्या प्रकारचा संशय आला की त्याच दिवशी निघायचे. पण थेट बांबोळीला धावण्याआधी सावंतवाडीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर गाठावेत. याची दोन कारणे आहेत. पायाची डॉपलर सोनोग्राफी त्याच दिवशी जवळपास होऊ शकली, तर पुढचा प्रवास कदाचित वाचेल. आणि तपासणीला उशीर लागणार असेल, तर रक्त पातळ ठेवणारे पहिले इंजेक्शन देऊनच तुम्हांला पुढे पाठवावे की काय, हे डॉक्टर ठरवू शकतात. त्यांची चिठ्ठी बरोबर असली की पुढच्या दारातले प्रश्नही कमी होतात.

डॉक्टर काही गोष्टी विचारतील. त्यांची उत्तरे घरीच जुळवून ठेवावीत. गेल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली होती का? पाय प्लास्टरमध्ये होता का? तीन दिवसांहून अधिक काळ अंथरुणावर होता का? कर्करोगाचे उपचार चालू आहेत का? पाळी नियमित करण्याच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? पूर्वी कधी गुठळी झाली होती का, आई-वडील वा भावंडांपैकी कोणाला झाली होती का? सासरच्या माणसांसमोर गोळ्यांचा विषय काढायला सून संकोचते. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे.

आणि हे मात्र पडवीत बसून ठरवायचे नाही : अचानक धाप लागली, खोल श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, छाती धडधडू लागली किंवा घेरी येऊन माणूस कोसळला, तर शेजाऱ्याची मोटार शोधत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. त्या रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो आणि जवळचे योग्य रुग्णालय कोणते, हेही त्यांना ठाऊक असते.

बांदा, पत्रादेवी आणि महामार्ग

सावंतवाडी सोडून इन्सुलीमार्गे बांद्याला आलात की तेरेखोल नदी लागते, आणि थोड्याच वेळात पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी येथे गोळ्या झाडल्या. त्यांचे स्मारक सीमेवर उभे आहे. सीमा ओलांडण्यापूर्वी पिशवी एकदा उघडून पाहावी. आधार कार्ड, शिधापत्रिका, आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास ते, जुने सर्व रिपोर्ट आणि चालू औषधांची पाकिटे. परराज्यातील रुग्णांसाठीचे शुल्क आणि योजनांचे नियम बदलत असतात. कागद जवळ असला की खिडकीवर विचारणे सोपे जाते.

हा मुंबई-गोवा महामार्ग. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग याच मार्गाने कोकणात उतरते. दहा-बारा तास, कोंडी झाली तर त्याहूनही अधिक, माणसे गुडघे मुडपून एकाच आसनावर बसलेली असतात. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून बाया घोटभर पाणीही पीत नाहीत. घरी पोचल्यावर पाय सुजलेले दिसतात, आणि ‘प्रवासाने झाले’ म्हणून सोडून दिले जाते. दोन्ही पाय सारखे सुजले आणि दुसऱ्या दिवशी उतरले, तर बहुधा तसेच असते. एकच पाय सुजून राहिला तर नाही.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाशी गुठळीची तीन कारणे जोडली गेली आहेत : रक्ताचा वेग मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, आज जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. लांबचा प्रवास यांतील पहिले कारण पुरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाचा हा धोका तरीही अल्पच असतो, सुमारे सहा हजारांत एक. पण ज्याच्या बाबतीत दुसरे वा तिसरे कारण आधीच हजर आहे, त्याच्यासाठी हे आकडे तसे राहत नाहीत. म्हणून नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या वडिलांना गणपतीला आणायचे असेल तर डॉक्टरांना विचारून आणावे. प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, आणि पाणी प्यावे.

खाजनातली मानस

पेडणे मागे टाकून कोलवाळला शापोरा नदी ओलांडताना भरती-ओहोटीच्या पाण्याचा प्रदेश सुरू होतो. गोव्यातील अशा नद्यांच्या काठांवर खाजन शेती आहे : समुद्राचे खारे पाणी बांध घालून अडवलेली खोलगट जमीन. त्या बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. रायगडच्या खारभूमीत असल्याच दाराला ‘उघाडी’ म्हणतात. ओहोटीला शेतातले पाणी त्या दाराला ढकलून नदीत निघून जाते. भरती आली की नदीचेच पाणी ते दार मिटवून टाकते. पाणी एकाच दिशेने जाते. माणसाने तेथे उभे राहावे लागत नाही.

तुमच्या पायातील नीलांमध्ये अशाच शेकडो मानशी आहेत. रक्त पावलापासून हृदयापर्यंत उभे चढवायचे असते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, नीलेतील रक्त वर ढकलतो. स्नायू सैल पडला की पातळ झडपा मिटतात आणि रक्ताला खाली येऊ देत नाहीत. पोटरी हे पायाचे दुसरे हृदय म्हणतात, ते यामुळेच. विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरील आपल्या ग्रंथात, दंडाला पट्टी बांधून फुगलेल्या नीलांवर बोट दाबून, झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात हे दाखवले.

मानस कुजली की खारे पाणी शेतात शिरते आणि भात जळते. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साचते, शिरा फुगतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते : हे व्हेरिकोज व्हेन्सचे दुखणे. आणि बांधाच्या आतले पाणी हललेच नाही, तर गाळ धरतो. दिवसेंदिवस अंथरुणावर पडलेल्या पायात, प्लास्टरमध्ये आवळलेल्या पायात पोटरीचे ढकलणे थांबते आणि गुठळीला जागा मिळते.

मांडवी ओलांडून पठारावर

पर्वरीचा उतार संपला की मांडवी. पुलावरून डावी-उजवीकडे पाहताना पणजीचा काठ दिसतो. याच काठावर, आज जेथे चित्रपट महोत्सवाची गर्दी होते त्या जुन्या इमारतींमध्ये, गोव्याचे वैद्यकीय शिक्षण वाढले. पोर्तुगीज अमदानीत १८४२ मध्ये स्थापन झालेली ही वैद्यकशाळा आशियातील आधुनिक वैद्यकाच्या सर्वांत जुन्या शाळांपैकी एक गणली जाते. गोवामुक्तीनंतर ती वैद्यकीय महाविद्यालय झाली आणि पुढे रुग्णालय बांबोळीच्या पठारावर गेले.

चढण चढून तेथे पोचलात की पहिली निवड दाराची. पाय अचानक सुजला असेल तर बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहू नका; आपत्कालीन विभागात जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, ‘एकच पाय दोन दिवसांत सुजला आहे, गुठळीची शंका आहे.’ ‘पाय दुखतो’ एवढेच सांगितले, तर तुम्ही हाडांच्या विभागाकडे पाठवले जाल आणि दिवस संपेल. जुन्या फुगलेल्या शिरांसाठी शल्यचिकित्सेचा बाह्यरुग्ण विभाग योग्य.

पुढे काय होते, हे आधी कळले तर भीती निम्मी होते. डॉक्टर प्रश्न विचारतात, पाय मोजतात. शक्यता कमी वाटली तर रक्ताची डी-डायमर चाचणी करतात; ती शुद्ध निघाली तर अशा रुग्णात गुठळी नाही असे मानता येते. ही चाचणी वाढलेली निघाली म्हणजे गुठळी आहेच, असे नव्हे. जंतुसंसर्ग, गरोदरपण, वय यांमुळेही ती वाढते. शक्यता अधिक असली तर थेट डॉपलर. तीत ना सुई, ना क्ष-किरण. जांघेपासून पोटरीपर्यंत जेल लावून यंत्राचा दांडा फिरवतात आणि जागोजागी हलका दाब देतात. निरोगी नीला दाबली की चपटी होते. आत गुठळी असलेली दबत नाही. इतक्या साध्या गोष्टीवर निदान उभे असते. पहिली डॉपलर स्वच्छ आली, पण शंका उरली, तर काही दिवसांनी पुन्हा बोलावतात. ते बोलावणे टाळू नका. पोटरीतली लहान गुठळी त्या दरम्यान वर सरकू शकते.

गुठळी निघाली तर हेपारिनच्या जातीचे इंजेक्शन किंवा गोळ्या लगेच सुरू होतात. ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, आणि मग शरीर ती हळूहळू स्वतःच विरघळवते. म्हणूनच उपचार किमान तीन महिने चालतो.

परतीच्या वाटेवर

घरी परतल्यावर खरा कस लागतो. महिन्याभरात सूज उतरते, पाय हलका वाटतो, आणि गोळी सुटते. गुठळी पुन्हा धरण्याला याहून मोकळी वाट नाही. डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू नये.

वॉरफरिन ही गोळी असेल तर शेजारीपाजारी कोणी तरी ‘हे उंदराचे औषध’ म्हणून घाबरवतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला गवती चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधून काढले. त्यापासून आधी उंदरांचे विष आणि नंतर, १९५० च्या दशकात, माणसांचे औषध झाले. फरक सारा मात्रेचा. म्हणून आयएनआर ही रक्तचाचणी ठरल्या दिवशी करावी लागते. पालक, मेथी, कोथिंबीर यांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम कमी करते. भाजी सोडू नये, पण रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. नव्या प्रकारच्या गोळ्यांना ही चाचणी लागत नाही, त्यांची वेळ मात्र काटेकोर पाळावी लागते.

गोळी कोणतीही असो, अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने घेऊ नयेत. दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना सांगावे. काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोळणा किंवा डोक्यावर आपटणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घट्ट वैद्यकीय मोजे डॉक्टरांनी पायाची नाडी तपासून सांगितले तरच घालावेत. पायाच्या धमन्या अरुंद असलेल्या मधुमेही माणसाला ते अपाय करू शकतात. आणि उपचार सुरू झाल्यावर पाय जपून अंथरुणावर ठेवायचा नसतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायचे, रोज, थोडे थोडे वाढवत. पोटरीने रक्त ढकलल्याशिवाय पायातल्या मानशी उघडत नाहीत.

आज संध्याकाळी घरच्यांना एकत्र बसवून हे वाचून दाखवा. टेप कोठे आहे, जुने रिपोर्ट कोणत्या पिशवीत आहेत, ही गोष्ट एकालाच नव्हे, दोघांना ठाऊक असू द्या. घरात बाळंतीण असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल, तर आंघोळीनंतर त्यांच्या दोन्ही पायांकडे एकदा नजर टाकण्याची सवय लावून घ्या. बांबोळीची वाट लांब नाही, दीडेक तासाची आहे. उशीर होतो तो बहुधा पडवीत.